अकरा किलो

"आवाज खाली कर! पळाली म्हणून तर पसंत पडली तुझी बहीण," बाप म्हणला.

दोन महिन्यांपासून रोज पहाटं मी स्वप्नाताईला केज रोडला पळवतोय. पोलीस भरतीसाठी वजन उतरवायचं म्हणून तिला अर्ध्या भाकरीवर ठेवलं, रडली तरी मीच शिव्या घातल्या. अकरा किलो उतरलं.

"पण आबा, फॉर्म तर तुमी बीडला जाऊन भरलाय ना?"

"न्हाई भरला. पाव्हण्यांना बारीक पोरगी पायजे व्हती. काल फोटो बघून होकार दिला त्यांनी."

"मग मला बी कावून फसवलं?"

"लग्नासाठी पळ म्हणलो असतो, तर पळाली असती का ती?"

"चल की रं, आज टायमिंग अजून कमी करू!" बाहेरून ताईची हाक आली. बूट बांधून उभी हाय ती. मला निघावं लागतंय.