अकरा तक्रारी

पायरीवरचा माणूस आत येईपर्यंत गाडी हलणार नव्हती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि हाताची घडी घालून तो बसून राहिला.

"अहो, पुढच्याच थांब्यावर उतरायचंय मला," पायरीवरचा म्हणाला.

"मग आत उभे राहा आणि तिथे उतरा."

"माझा जीव, माझी मर्जी!"

"जीव तुमचा, गाडी माझी."

मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, या हो एकदाचे आत. हा माणूस इथेच मुक्काम ठोकेल. आम्ही ओळखतो त्याला."

गाडीत हशा पिकला. तिसऱ्या बाकावरचे काका तेवढे हसले नाहीत. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. त्यांनी मनगट डोळ्यांपुढे धरलं होतं.

"चार मिनिटं गेली, ड्रायव्हरसाहेब. लिहून ठेवतोय मी."

"लिहा काका. नऊ वाजून बारा मिनिटं, तेही लिहा."

सातव्या मिनिटाला तो माणूस पुटपुटत आत चढला. दार लागल्याचं आरशात पाहून मगच ड्रायव्हरने किल्ली फिरवली. बावीस वर्षांत त्याच्या गाडीत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. डेपोत त्याला कासव म्हणत.

संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे सगळं बायकोला सांगितलं. दिवसभराचं घरी येऊन ओतल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. ती त्याच्या खाकी शर्टाला बटण लावत होती.

"मग किती वेळ थांबलात?"

"सात मिनिटं."

"आणि लोक?"

"लोक काय, शिव्या घालतात. सवय झालीय."

आठ दिवसांनी डेपो मॅनेजरने त्याला आत बोलावलं. टेबलावर एक कागद होता.

"ही अकरावी," मॅनेजर म्हणाला. "पायरीवाल्या प्रकरणाची. सही नाही, पण तारीख, वेळ, मिनिटं सगळं चोख. सही असो नसो, तक्रार म्हटली की नोंद करावीच लागते मला."

"साहेब, पण..."

"पण काय? शिकाऊ ड्रायव्हरांना शिकवायच्या जागेसाठी तू अर्ज केलास, तेव्हाच सांगितलं होतं. दहाच्या वर तक्रारी गेल्या की फाइल मुख्य कचेरीत जाते. त्याआधी ती कुणी उघडूनही बघत नाही. आता तुझी फाइल वर जाणार. ती जागा विसर. स्टिअरिंग हातात राहिलं तरी देव पावला म्हण."

"बावीस वर्षांत एक अपघात नाही, हे आहे का फाइलमध्ये?"

मॅनेजरने चष्मा काढला. "न झालेला अपघात कुठल्या रकान्यात लिहू मी? त्याला आपल्याकडे वहीच नाही रे."

घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत.

"घड्याळकाकाच. दुसरं कोण? रोज वही काढून बसतो." मग जरा वेळाने, खाली बघत तो म्हणाला, "उद्यापासून थोडी दामटू का गाडी? सगळेच दामटतात."

"खबरदार!" ती एवढ्या जोरात म्हणाली की तो दचकला. "गाडी हातातून गेली तर जाऊ दे. तुम्ही आहात तसेच राहा."

मुख्य कचेरीतून आलेल्या बाईंनी खुर्ची दिली, पण तो बसला नाही. मॅनेजर दाराशी उभा होता. बाईंनी फाइल उघडली.

"'वळणावर पुढची गाडी ओलांडा म्हणून आम्ही सगळे ओरडत होतो. ड्रायव्हरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.' खरंय?"

"खरंय."

"'फोन तीनदा वाजला. घरचा असेल, घ्या, असं कंडक्टरही म्हणाला. यांनी हात लावला नाही.'"

"खरंय. बायकोचाच होता."

"'ब्रेक जड लागतो एवढ्या कारणावरून भरलेली गाडी अर्ध्या रस्त्यात उभी केली आणि पन्नास माणसं उन्हात उतरवली.'"

"सत्तावन्न होती, बाई."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. बाई पुढे वाचत राहिल्या, आता मनातल्या मनात. शेवटचं पान उलटून त्यांनी फाइल मिटली.

"ड्रायव्हरने काय करावं, हे आपण दरवर्षी पुस्तक छापून सांगतो," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "ते कुणी वाचत नाही. इथे एक माणूस ते रोज करतोय, आणि तारीखवार पुरावा आहे." मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "सोमवारपासून शिकाऊ मुलं तुमच्या हाताखाली. या तक्रारींच्या प्रती घेऊन जा. पहिल्या तासाला हेच वाचून दाखवा."

डेपोतून तो चालत निघाला तेव्हा कुणीतरी "कासवदादा!" अशी हाक मारली. त्याने मान ताठ ठेवून हात उंचावला.

घरी तो खुर्चीत ऐसपैस बसला. बायको स्वयंपाकघरात भांडी लावत होती. त्याने एकेक तक्रार खड्या आवाजात वाचायला घेतली, पदकं मोजावीत तशी.

"घड्याळकाकाचे पाय धरायला हवेत," तो म्हणाला. "उद्या चहा पाजतो त्याला. काय लिहितो माणूस! हे ऐक, अकरावी. 'सात मिनिटं पन्नास माणसं एका माणसाच्या हट्टापायी बसून राहिली. या ड्रायव्हरच्या गाडीने जाणारा प्रत्येक जण घरी उशिरा पोचतो...'"

पुढची ओळ प्रतीत उमटली नव्हती. त्याने कागद उजेडात धरला, तिरका केला, डोळ्यांजवळ नेला.

"छे, पुढचं दिसतच नाही."

"'...पण पोचतो,'" ती आतून म्हणाली. "जागाच पुरली नाही हो शेवटी, अगदी कडेला लिहावं लागलं."