आजची यादी

"कंट्रोल दाबून ठेव आणि स्पेस दे," ती म्हणाली.

त्याने दिली. ओळीच्या सुरुवातीचा 'करायचं' हा शब्द जाऊन तिथे 'झालं' आला आणि पुढे आपोआप तारीख, वेळ उमटली. तो खुळ्यासारखा हसला.

"एवढंच?"

"एवढंच. साधी टेक्स्ट फाईल आहे. तू कोड लिहितोस त्याच एडिटरमध्ये उघडते. आता 'विसरलो' म्हणायची सोय राहिली नाही."

नवराबायको दोघंही प्रोग्रामर, कंपन्या वेगळ्या. कोडमधली चूक तो झोपेतही पकडायचा, पण घरातलं काम त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं. पाण्याचा फिल्टर, गळका नळ, स्वतःच्याच आईला करायचा फोन. सांगून सांगून तिने हात टेकले होते. गेल्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुपारी दोनला तो न्यायला येणार होता. एका डोळ्यावर पट्टी बांधून ती संध्याकाळी सहापर्यंत रिसेप्शनवरच्या बाईंशेजारी बसून राहिली. त्या बाईंनी दोनदा चहा विचारला. तो ऑफिसात होता. विसरला होता.

"तीन महिने देते त्याला," तिने धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. "नाही सुधारला तर बॅग भरते. आणि त्याला यातलं काही कळता कामा नये. धाकाने केलेलं मला नकोय."

म्हणून एडिटरला जोडायचं हे यादीचं प्लगिन. ती स्वतः चार वर्षं त्यावरच चालत होती. घरची कामं एका फाईलमध्ये, ऑफिसची दुसरीत, आणि मनात आलं पण आत्ता वेळ नाही, असं सगळं तिसरीत. घरच्याच फोल्डरमधली ही तिसरी, 'नंतर' नावाची, म्हणजे तिचा माळा होता. वर टाकायचं आणि मान वर करून बघायचं नाही. रोज सकाळी प्लगिन पहिल्या दोन फाईलींमधली कामं गोळा करून 'आज' नावाचं पान बनवी, ते उरकलं की तिचा दिवस संपे.

त्याच्यासाठी नवी सेटिंग लिहायचा तिला कंटाळा आला. आपलीच उचलून तिने त्याच्या लॅपटॉपवर टाकली. घरचं फोल्डर दोघांचं मिळून एकच होतं, त्यामुळे जोडाजोडीची भानगड नव्हती. काय वगळायचं ते सांगणाऱ्या शेवटच्या चार-पाच ओळी तेवढ्या गाळल्या. नवशिक्याला कशाला एवढ्या खाचाखोचा?

पहिल्या आठवड्यात फिल्टर बदलला गेला. दुसऱ्यात नळ. सासूबाईंचा फोन आला, "अगं, बरा आहे ना तो? या आठवड्यात दोनदा फोन केलान मला." ती पोट धरून हसली.

मग एके दिवशी तिच्या वडिलांचं मनगटी घड्याळ टेबलावर दिसलं. ते गेल्यापासून कपाटाच्या खणात बंद पडून होतं. आता चालत होतं.

"तुला कसं सुचलं रे?"

"करायचं होतं ना," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

पुढच्या रविवारी त्याने स्वयंपाकघरातली अडकणारी खिडकी रंधा मारून सरळ केली. त्यानंतर तिच्या मावशीला फोन लावला. एका लग्नातल्या मानपानावरून त्या मावशीशी दोन वर्षं बोलणं तुटलं होतं. त्याने फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

"ध्यान सुधारलं की गं!" धाकटी म्हणाली. "बदलून तर नाही ना आणलास?"

"मी यातलं एक अक्षर बोलले नव्हते त्याच्याशी. मनातलं ओळखायला लागलाय." आणि ती फोनवरच रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तो मात्र पूर्वीपेक्षा गप्प झाला होता. सकाळी उठल्या उठल्या लॅपटॉप उघडी, 'आज'चं पान वाचत बसे, चहा निवून जाई. नव्याचा उत्साह, असं तिने धरलं.

तीन महिने एका शनिवारी पुरे झाले. तिने ठरवलं, आज त्याला सगळं सांगून टाकायचं. मुदत, धाकटीचा फोन, भरायची राहिलेली बॅग. हसेल तो. नाही हसला तर चिडेल, मग आपण समजूत काढू.

तो दुपारी आला. हातात एक लिफाफा होता.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली.

"आधी माझं ऐक. तुझी ती 'नंतर' नावाची फाईल संपली. सगळी कामं झाली."

"माझी फाईल? तुला कुठे दिसली?"

"माझ्या 'आज'मध्ये रोज येते. तूच नाही का जोडून दिलीस?" तो खुर्चीत बसला. "मला वाटलं, तोंडाने सांगायला जड जातंय म्हणून असं कळवतेयस. सोपी कामं आधी घेतली. घड्याळ, खिडकी, मावशी. एक ओळ मात्र रोज मागे ढकलत होतो. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशीची. बाकीची झाली की तू ती पुसशील, असं वाटलं. रोज सकाळी बघायचो, पुसलीस का."

तिने तीन महिन्यांत ती फाईल उघडलीच नव्हती. त्या संध्याकाळी घरी येऊन, एका डोळ्याने बघत, आपण तिथे काय लिहिलं होतं ते तिला आत्ता आठवलं.

त्याने लिफाफा टेबलावर ठेवला.

"वकिलांना भेटून आलो," तो म्हणाला. "माझी सही झालीय. तुझी तेवढी राहिलीय."