एका झाडाचं पुस्तक

व्यासपीठावर चित्राताईंनी चकचकीत कागद सोडला आणि आतलं पुस्तक पहिल्यांदा पाहिलं. मुखपृष्ठावर ठळक छापलं होतं, ‘आपली गुणकारी झाडे’. खाली त्यांचंच नाव, डॉ. चित्रा सकट. रायपूरच्या शंकर नगरातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

चित्राताईंनी लिहिलं होतं ते फक्त भोकराचं पुस्तक. रायपूरचे लोक ज्याला बोहार म्हणतात आणि ज्याच्या कळ्यांची भाजी मिळेल त्या भावानं घेतात, त्या एका झाडाचं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावरची सगळी वर्षं त्यांनी त्या झाडापायी घालवली होती. हातातल्या पुस्तकात भोकर चार पानांत आटोपलं होतं. बाकी तुळस, आवळा, शेवगा, कडुनिंब. त्यातला एक शब्दही त्यांचा नव्हता.

“दिवाकरराव, हे काय आहे?” शेजारी बसलेल्या मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“सरप्राइज!” दिवाकरराव खुशीत होते. “एकाच झाडावर एवढं मोठं पुस्तक कोण वाचते, ताई? आपल्या समितीतल्या लोकांनी एकेक झाड लिहून दिलं. नाव मात्र तुमचंच ठेवलं, बरं का.”

“मी तुम्हाला मोनोग्राफ दिला होता.”

“मोनोग्राफच तं आहे न हा! उलट मोठा केला.”

चित्राताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मोनोग्राफ म्हणजे पुस्तकाचं भारदस्त नाव, एवढीच या माणसाची समजूत! एकच विषय धरायचा, तो मुळापासून खणायचा आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीला स्वतः जामीन राहायचं, हे त्या जन्मभर पोरांना शिकवत आल्या होत्या. आणि हा गृहस्थ पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी ओतावं तसं ओतून मोकळा झाला. वर उपकार केल्याचा आव!

“मॅडम, किताब थोड़ा ऊपर. स्माइल,” फोटोग्राफर म्हणाला.

चारचौघांत तमाशा नको म्हणून त्यांनी पुस्तक उचललं. हसायचा प्रयत्नही केला. घरी गेल्यावर बघू याच्याकडे, असं त्या मनाशी म्हणत होत्या, तेवढ्यात पहिल्या रांगेतून शेजारच्या कुसुमताई उठल्या. प्रती आधीच वाटून झाल्या होत्या. कुसुमताईंची साखर नुकतीच इतकी वाढली होती, की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

“चित्राताई, कडुनिंबाचं तुम्ही मस्त लिहिलं. रोज रस घेतला का शुगरची गोळी लागतच नाही म्हणून. मले तं कंटाळाच आला होता गोळ्यांचा. उद्यापासून बंद करून टाकते.”

“बंद? कोणी सांगितलं?”

“काहून? तुम्हीच तं लिहिलं न.”

चित्राताई ताडकन उठून माइककडे निघाल्या.

“ताई, नंतर बोलू न आपण,” दिवाकरराव कुजबुजले. “पाहुणे पाहून राहिले.”

“पाहू द्या.” त्यांनी माइक ओढला. “कुसुमताई, गोळी एक दिवससुद्धा सोडू नका. हे मी लिहिलेलं नाही. या पुस्तकातलं काहीही माझ्या नावावर खरं मानू नका.”

पर्समधून पेन काढून त्यांनी मुखपृष्ठावरचं आपलं नाव सगळ्यांच्या देखत खोडलं. मग कडुनिंबाचं पान उघडून ते दिवाकररावांच्या पुढ्यात ठेवलं. पेनही ठेवलं.

“ज्यानं हे लिहिलं, त्यानं इथं आपलं नाव घालावं.”

दिवाकररावांनी पुस्तक आणि पेन शेजारी बसलेल्या समितीतल्या शेखररावांकडे सरकवलं. शेखररावांनी ते न वाचताच पुढं ढकललं. असं करत करत ते समितीच्या सगळ्या माणसांपुढून टेबलाच्या टोकाला गेलं. तिथं खजिनदार बसले होते. त्यांनी एकदा इकडंतिकडं पाहिलं आणि उघड्या पुस्तकावर आपला पुष्पगुच्छ ठेवून दिला.