ड्यूटीचा फोन
आमचा वेब सर्व्हर पर्ल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतच ठेवायचा की रस्ट या नव्या भाषेत पुन्हा लिहायचा, यावर मीटिंगमध्ये मी दोन तास एकटा भांडलो. "पर्लमधला सर्व्हर पडला, तर मी पाच मिनिटांत उभा करतो," मी म्हणालो. टीमलीड माझ्या मुलीच्या वयाची. ती हसली. "काका, रस्टमध्ये बऱ्याचशा चुका प्रोग्राम चालू व्हायच्या आधीच पकडल्या जातात. मग सर्व्हर पडेल कशाला?" मी नवी भाषा शिकण्यात जाणाऱ्या महिन्यांचा मुद्दा काढला. तिने वेगाचे आकडे दाखवले. मतदानात पर्लसाठी एकच हात वर झाला, तोही माझाच. "काकांना नवं शिकायचा कंटाळा," कोणीतरी म्हणालं. मी म्हणू दिलं. नवा सर्व्हर सुरू होऊन आज चाळीस दिवस झाले. एकदाही पडलेला नाही. पोरांच्या कामाला नावं ठेवायला जागा नाही. सर्व्हर पडला की ज्यावर बोंब यायची, तो ड्यूटीचा फोन अजून माझ्याकडेच आहे. जेवताना ताटाशेजारी असतो, अंघोळीच्या वेळी बाथरूमच्या दाराशी. माझ्या स्वतःच्या मोबाइलवर नुसत्या जाहिराती येतात. माणसं काय ती याच फोनवर यायची. आज दुपारी शंका आली, फोनच बिघडला नसेल ना? मोबाइलवरून त्यावर कॉल लावला. रिकाम्या घरात तो खणखणीत वाजला. मी तीनदा वाजू दिला, मग उचलला आणि सवयीने म्हणालो, "बोला, काय बंद पडलं?"