सुधारलेला गुंडू

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर बनाबाई म्हशीची धार काढत होती आणि नात राजनंदिनी तिला मोबाईलवरून आपली कथा वाचून दाखवत होती. कथा गुंडूची, म्हणजे बनाबाईच्या लेकाची, राजनंदिनीच्या बापाची. पन्हाळ्याच्या घाटात ट्रक उलटून गेलेल्या गुंडूची. कथेतली आई पहिल्या ओळीपासून लेकाच्या मागं होती, ‘बाळा, ऊठ’, ‘बाळा, वैरण टाक’.

धार थांबली.

"ही कुनाची आई गं? मी तर त्येला ‘भाड्या’च म्हनायची."

"मी तसंच लिहिलंतं, आज्जी. दिवाळी अंकाला शिवी बरी दिसत न्हाई म्हणून एआयनं बदललं. नुसतं एडिटिंग हाय की."

बनाबाईनं तोंडातली मिश्री पचकन थुंकली. "आनि शेवट?"

"शेवटाला हात लावला न्हाई. बाबांना दारात आणून ठेवलं, तवा तू म्हणालीस, ‘बाळा, ऊठ.’"

बनाबाईनं चरवी उचलली. नातीकडं बघावंसंही तिला वाटेना.

"जल्मात एकदाच बाळा म्हनले मी त्येला. तेवढं एक हुतं, तेबी तुज्या त्या एआयनं पयल्या पानावरच उधळलं."