डोंग होई, दोन रात्री

"बर्थ खालचाच हवा," खोआत म्हणाला. "तिला वर चढायला जमत नाही."

हिएनने हातातली बांबूची कामटी बाजूला ठेवली. "काका, तिकडे गुडघे दुखत नाहीत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"माझ्याकडून ज्यांच्यासाठी दुमजली घरं नेली, त्यातला एकही जण जिना बदलून मागायला परत आला नाही."

"तरी खालचाच."

नाम दिन्हमधलं हे दुकान कागदी वस्तूंचं. घरं, दुचाक्या, फोन, हिवाळी कोट. वर्षश्राद्धाला घरची माणसं त्या जाळत, म्हणजे त्या पलीकडे गेलेल्या माणसाला पोचत. हिएनने एकदा कागदाची कवळीसुद्धा करून दिली होती. सहल मात्र आजवर कुणी मागितली नव्हती. परवा लुआचं पहिलं वर्षश्राद्ध होतं, आणि खोआतला बायकोला दोन रात्रींसाठी डोंग होईला पाठवायचं होतं. समुद्रावर.

त्याने सगळं मोजून आणलं होतं. सपाता छत्तीस नंबरच्या. तिची जुनी जोडी त्याने पट्टी लावून मोजली, तेव्हा डावी टाच उजवीपेक्षा जास्त झिजलेली दिसली. एकेचाळीस वर्षांत हे त्याला माहीत नव्हतं. टोपीला हनुवटीखालून बांधायचा बंद हवा, तिथे वारा असतो. बॅग लहान, एका हाताने उचलता येईल अशी. खोली तिसऱ्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूला.

"काकू एकट्याच?" हिएनने विचारलं. "सोबतीला एक बाई करून देते. बॅग उचलेल, पाय चेपेल. सगळे नेतात."

"नको."

"मग काय, तुम्हालाच करू कागदाचं?"

"मला नको करू. मी गेलो तर तिला तिथेही भात लावावा लागेल."

हिएन हसली. खोआत हसला नाही, तेव्हा तीही थांबली.

"काही राहायला नको. यादी आहे ना?" तिने हात पुढे केला.

खोआतने खिशातून कागद काढला. कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं ते, मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईत लिहिलेलं. घड्यांवर शाई उडाली होती. हिएन वाचू लागली. "शुक्रवार, पहाटेची गाडी, खालचा बर्थ. टोपी, बंदवाली. तिसरा मजला, समुद्राची बाजू." ती थांबली. "आणि हे खाली काय आहे? शुक्रवार दुपार, मासा, निळा डबा. रात्री, डुकराचं मटण, काचेचा डबा, गरम करायला विसरू नका. शनिवार सकाळ..." तिने मान वर केली. "काका, हे अक्षर तुमचं नाही."

"तिचं आहे."

चार वर्षांपूर्वी लुआने हाच कागद जेवताना त्याच्या वाटीशेजारी ठेवला होता. सूतगिरणीत एका पाळीत असलेल्या, लुआ धरून बारा जणी मिळून डोंग होईला निघाल्या होत्या. लुआने समुद्र कधी पाहिला नव्हता. खोआतने कागद वाचला. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "परत कधी येणार?"

"रविवारी."

"रविवारी किती वाजता?"

"संध्याकाळ होईल."

"मग रात्रीच्या जेवणाचं काय?"

सूतगिरणीत तो पाळीचा मुकादम होता. बाई किती वाजता गेली आणि किती वाजता आली, हे विचारायची त्याला सवय होती. रविवारची रात्र त्या कागदावर खरंच नव्हती. लुआने कागदाकडे पाहिलं, शाळेतल्या मुलीची चूक सापडावी तसं. मग त्याची घडी घातली आणि त्याला आणखी भात वाढला.

अकरा जणी गेल्या. येताना त्यांनी लुआसाठी सुकवलेल्या माकुल माशाचं पाकीट आणलं. तिने ते निखाऱ्यावर भाजून त्याच्या तांदळाच्या दारूबरोबर दिलं. चांगलं आहे, असं तो म्हणाला होता. आपण सगळं संपवलं, हे त्याला आता आठवत होतं. तिने एक तरी तुकडा खाल्ला का, ते काही केल्या आठवत नव्हतं.

कागद त्याला गेल्या महिन्यात सापडला, तांदळाच्या डब्याच्या झाकणाखाली. तिने तो टाकला नव्हता.

"हे डबेही करायचे?" हिएनने हळूच विचारलं. "निळा, काचेचा?"

"नाही. कात्री दे."

त्याने मध्यावर घडी घातली आणि कागद कापला. कात्री घडीवरून सरळ गेली. खालचा अर्धा तुकडा त्याने शर्टाच्या खिशात ठेवला. वरचा हिएनला दिला.

हिएनने पिवळा पुठ्ठा घेतला, तिकिटाच्या मापाचा कापला आणि त्यावर रेघा मारल्या. कुंचल्याने लुआचं पूर्ण नाव घातलं. नाम दिन्हपासून डोंग होई. खालचा बर्थ. खिडकीजवळ, हे तिने आपल्या मनाने वाढवलं. मग तिकीट उलटं करून तिने कुंचला पुन्हा शाईत बुडवला.

"परतीचं. दोन रात्री म्हणजे रविवार. वेळ काय घालू, संध्याकाळची?"

खोआतने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. कुंचल्याच्या टोकावरची शाई सुकत आली.

"ती जागा कोरी ठेव, पोरी," तो म्हणाला. "कधी यायचं ते तिचं ती बघेल."