कुत्र्याला थोपटलं का?

“बाबा, कुत्र्याला रोज सकाळी थोपटायचं. विसरायचं नाही,” मुलगा म्हणाला आणि काडेपेटीएवढी काळी डबी त्यानं शिलाई मशीनवर ठेवली. डबीला एकच बटण होतं.

“लहानपणी तुला कुत्रा पाळू दिला नाही, त्याचा सूड उगवतोस होय रे?” म्हातारा शिंपी म्हणाला.

मुलगा हसला. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यातलं, कर्नलचं काम तो करायचा. “आमच्याकडे एका टायमरला पहाऱ्याचा कुत्रा म्हणतात. कॉम्प्युटर ठीक असला की तो वेळच्या वेळी त्याला थोपटतो आणि टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. थोपटलं नाही की समजायचं, कॉम्प्युटर अडकला. मग कुत्रा भुंकतो. ते इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवायचा हुकूम. त्याच्यापुढं दुसरं कुठलंच काम मोठं नाही.”

“आणि मी नाही थोपटलं तर?”

“माझ्या फोनवर कुत्रा भुंकेल. हातातलं सगळं टाकून तुमच्याकडे निघेन.”

शिंप्यानं त्याच्या गळ्याकडे पाहिलं. कॉलरीत अख्खी मूठ मावली असती.

“शर्ट काढ. आत घेतो.”

“राहू द्या. पुढच्या वेळी.”

पुढची वेळ आली नाही. फोन यायचे, तेही आवाज बसलाय म्हणून थांबले. मग नुसते निरोप. कुत्रा गप्प आहे म्हणजे तुम्ही ठीक, असं त्यात असायचं.

शिंपी रोज उठल्या उठल्या बटण दाबायचा. शेजारीण दारातून विचारायची, “काका, तुमचा कुत्रा भुंकत कसा नाही हो?”

“भुंकेल तेव्हा ऐकायला मी नसेन.”

ती हसायची. तो मशीनला दोरा ओवत बसायचा. पोरानं एकदा समोर बसावं, चहात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरावं, एवढंच त्याला हवं होतं.

एका सकाळी त्यानं बटण दाबलं नाही.

दाढी केली. समोरच्या खुर्चीवरची कापडं उचलली. हात डबीकडे गेला, तो त्यानं मागे घेतला. रागावेल. रागावू दे. दारात उभा राहून रागावू दे.

दुपारी फोन वाजला. सून होती.

“जिवंत आहे गं मी,” तो घाईनं म्हणाला. “निघाला ना तो?”



“बाबा... तुम्ही?”

“मुद्दामच नाही थोपटलं. तू ओरडू नकोस. त्याला दे फोन.”

“आम्ही हॉस्पिटलात आहोत, बाबा. कधीचे. तुमच्या आधी जायचं नाही, एवढा एकच हट्ट धरला होता यांनी. कशावर तग धरलाय, डॉक्टरांनाही कळेना. आज कुत्रा भुंकला. मी तुम्हाला फोन लावायच्या आत ‘चला, सुटलो’ म्हणाले आणि डोळे मिटले.”